एहा की एहाँ: बिनी भाषेच्या दहा तासांच्या ऑनलाइन वर्गाचे परीक्षण

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी फाउंड्री आहे. चक्कीच्या बिडाच्या तबकड्या आणि पंपांची काही कास्टिंग आम्ही ओततो, आणि गेली चार वर्षे त्यातला थोडा माल नायजेरियातील बेनिन सिटी या शहरातील एका व्यापाऱ्याकडे जातो. गेल्या वर्षी ते गृहस्थ कोल्हापूरला आले, दोन दिवस कारखान्यात थांबले आणि एका रात्री आमच्या घरी जेवायला आले. दारातून आत येताच माझ्या आईला पाहून त्यांनी गुडघे टेकले, मान लववली आणि 'कोयो' असा एकच शब्द उच्चारला. आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि नंतर स्वयंपाकघरात मला विचारले, "त्येनं त्येच्या भाषेत नमस्कार केला व्हय? मग तू त्येला त्येच्या भाषेत काय म्हणलास?" मी काहीच म्हटले नव्हते. चार वर्षे ज्या माणसाशी व्यवहार केला त्याच्या भाषेतला एकही शब्द मला येत नव्हता, आणि तो माणूस मात्र विमानातून येताना 'नमस्कार', 'पाणी' आणि 'धन्यवाद' पाठ करून आला होता. त्या रात्री मी ही भाषा शिकायचे ठरवले. पुढच्या पाच महिन्यांत ज्या वर्गात शिकलो त्याचे हे परीक्षण आहे. मराठीत या विषयावर मला शोधूनही काही सापडले नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो आहे.

प्रथम नावाविषयी, कारण तिथेच घोटाळा होतो. बेनिन सिटी हे शहर नायजेरियातील एडो राज्याची राजधानी आहे. बेनिन नावाचा जो वेगळा देश आहे त्याचे जुने नाव दाहोमी होते आणि त्याने बेनिन हे नाव 1975 साली घेतले. या शहराशी त्या देशाचा कारभाराचा संबंध नाही. आमच्या एका खेपेच्या कागदपत्रांत एका फॉरवर्डरने देशाच्या रकान्यात नायजेरियाऐवजी बेनिन लिहून टाकले होते. चूक वेळेवर लक्षात आली म्हणून निभावले, पण कागद दुरुस्त होईपर्यंत माल आठ दिवस गोदामात पडून राहिला. भाषेच्या नावाचेही तसेच आहे. बाहेरचे लोक तिला बिनी म्हणतात, बोलणारे लोक तिला आणि स्वतःला एडो म्हणतात. आमच्या शिक्षिकेने पहिल्याच तासाला सांगितले की बिनी म्हटल्याने कोणाला राग येत नाही, पण एडो म्हटल्याने माणूस खुलतो. मी शीर्षकात बिनी ठेवले आहे ते केवळ शोधणाऱ्याला सापडावे म्हणून.

वर्गाकडे वळण्याआधी मी 499 रुपये भरून मोबाइलवरचे एक शब्दसंग्रहाचे ॲप घेतले होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका ॲपपुरती नसून त्या साऱ्या पद्धतीविषयी आहे. डाव्या बाजूला एडो शब्द, उजव्या बाजूला एका शब्दात अर्थ आणि खाली ध्वनीचे बटण, अशी त्याची मांडणी होती. तीन आठवड्यांत मी सव्वाशे शब्द पाठ केले. नंतर फोनवर आमच्या ग्राहकांना त्यातले दहा-बारा ऐकवले, तेव्हा ते सौजन्याने दोन क्षण थांबले आणि मग म्हणाले की तीन शब्द कळले. पुढे कारण समजले. लिखित शब्दात सुरांच्या खुणा नव्हत्या, अक्षरांखालचे ठिपके गाळले होते आणि ध्वनी यंत्राने तयार केलेला होता. ते यंत्र रोमन अक्षरे इंग्रजी वळणाने वाचत होते. 'अन्न' या अर्थाचा शब्द 'एवारे' असा असताना ते मला 'एव्बारे' शिकवत होते.

त्यानंतर भाषाशिक्षक आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून मी बेनिन सिटीतील एका शिक्षिकेचा वर्ग घेतला. तासाला 800 रुपये, एकूण 10 तास, आठवड्यातून एक तास अशी बोली होती. नायजेरियाची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. त्यामुळे कोल्हापुरात रात्री साडेआठ वाजता मी जेवण आटोपून बसे, तेव्हा त्यांच्याकडे दुपारचे चार वाजलेले असत आणि बाई शाळेतून नुकत्याच घरी आलेल्या असत. वर्गाचे माध्यम इंग्रजी होते. माझे इंग्रजी कामापुरते आहे, आणि तेवढे पुरले.

पहिले दोन तास बाईंनी मला एकही अर्थ सांगितला नाही, नुसते आवाज काढून घेतले. त्या वेळी मला ते वेळ काढल्यासारखे वाटले. आता वाटते की संपूर्ण वर्गाची किंमत त्या दोन तासांतच वसूल झाली. एडोमध्ये दोन प्रकारचे 'व' आहेत. एक रोमन लिपीत 'व्ही' या अक्षराने लिहितात आणि तो वरचे दात खालच्या ओठावर घासून काढतात, आपण 'व्हॅन' म्हणतो तसा. दुसरा 'व्ही' आणि 'बी' अशा दोन अक्षरांनी लिहितात, म्हणून बाहेरचा माणूस त्यात 'ब' शोधत बसतो. प्रत्यक्षात तो आपल्या 'वारा', 'वाट' या शब्दांतल्या मऊ 'व'च्या अगदी जवळचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला जो आवाज गिरवावा लागतो तो मराठी माणसाच्या तोंडी जन्मापासून असतो. मी 'एवारे' म्हटले तेव्हा बाईंनी मला ते पुन्हा म्हणायला लावले आणि हा आवाज कुठे शिकलात असे विचारले. याच 'व'चा एक नाकातला भाऊ आहे. आपण 'संवाद' म्हणताना अनुस्वार आणि 'व' यांच्यामध्ये जो नाकातला 'व' नकळत काढतो, तो तिथे स्वतंत्र ध्वनी आहे. पितळ किंवा काशासारख्या धातूला ते लोक ज्या शब्दाने ओळखतात तो मी देवनागरीत 'एरोंवों' असा लिहीन, आणि त्यातला 'व' हाच.

अवघड आवाजही आहेत. 'एक' या अर्थाचा शब्द 'ओक्पा' आणि 'दहा' या अर्थाचा 'इग्बे'. आपण 'वाक्प्रचार' म्हणताना आधी 'क्' आणि मग 'प्' म्हणतो. एडोमध्ये जिभेची मागची बाजू आणि दोन्ही ओठ एकाच क्षणी बंद होऊन एकाच क्षणी उघडतात, आणि तो जोड नसून एकच व्यंजन असते. मला हे साधायला चार आठवडे लागले, आणि तेही कारखान्यातून घरी येताना गाडीत मोठ्याने म्हणून. स्त्रीला 'ओख़ुओ' म्हणतात. त्यातला 'ख़' आपल्या 'खडी'तला नव्हे. आमच्या शेजारचे मुसलमान मास्तर 'ख़बर' म्हणताना घशातून घासून जो आवाज काढतात तो. 'र'सुद्धा तीन प्रकारचे आहेत, त्यांपैकी एक घोष नसलेला, नुसत्या श्वासाचा. मला तो अजून येत नाही. मी 'कऱ्हाड'मधला 'ऱ्ह' वापरून वेळ मारून नेतो आणि बाई तो चालवून घेतात. स्वरांच्या बाबतीत 'ए' आणि 'ओ' यांचे दोन-दोन प्रकार आहेत, एक आवळलेला आणि एक उघडा. उघड्यासाठी रोमन अक्षराखाली ठिपका देतात. या लेखात मी वाचकाच्या सोयीसाठी दोन्हींकरिता साधा 'ए' आणि 'ओ' लिहिला आहे.

नाकातल्या स्वरांचा धडा मात्र मी धंद्याच्या दृष्टीने कधीही विसरणार नाही. एडो शब्द स्वरावर संपतो. रोमन लिपीत शेवटी दिसणारा 'एन' हा 'न' नसून आधीचा स्वर नाकातून म्हणा अशी ती सूचना असते. 'एहा' म्हणजे तीन. 'एहाँ' म्हणजे सहा. 'एऱ्हा' म्हणजे वडील आणि 'एऱ्हाँ' म्हणजे झाड किंवा लाकूड. माझ्या ॲपमध्ये तीन आणि सहा यांचा ध्वनी जवळजवळ सारखा होता. उद्या कोणी फोनवर तीन नग सांगितले आणि मी सहा ओतले, तर भट्टीचा खर्च कोण देणार? हा भेद ऐकणे मराठी माणसाला तसे जड जाऊ नये. आपल्याकडे 1962 च्या लेखननियमांपर्यंत 'घरें', 'केलें' असे अनुस्वार लिहिले जात होते आणि जुन्या पोथ्यांत ते आजही दिसतात. उच्चारातून मात्र आपण ते बहुतांशी घालवले. कोकणी बोलणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी हे दोन शब्द ऐकवले, तेव्हा त्याने पहिल्याच वेळी फरक ओळखला.

संख्यांच्या तासाला माझी आई शेजारी जपमाळ घेऊन बसली होती. बाई सांगत होत्या आणि मी वहीत मराठीतून उतरवत होतो: दोन 'एव्हा', चार 'एने', पाच 'इसें', वीस 'उगिए'. मग चाळीस म्हणजे 'इयेव्हा', वीस दुणे. साठ म्हणजे 'इयेहा', वीस त्रिक. ऐंशी 'इयेने' आणि शंभर 'इयिसें', म्हणजे पाच विसा. मी हे मराठीत मोठ्याने म्हणत होतो ते ऐकून आईने माळ थांबवली आणि म्हणाली, "अरं, ही तर आमची इसाची गनती. माझी आजी शेणी मोजायची ती अशीच, दोन इसा, तीन इसा." मी ते बाईंना सांगितले. त्या इतक्या आनंदल्या की त्यांनी आपल्या आईंना कॅमेऱ्यासमोर बोलावले, आणि दोन म्हाताऱ्या माणसांनी, एक करवीरची आणि एक बेनिनची, विसा-विसाने शंभरपर्यंत मोजून दाखवले. पुढचा भाग त्याहून जवळचा निघाला. पंधरानंतरच्या संख्या ते विसातून वजा करून सांगतात. सोळा म्हणजे विसाला चार कमी, सतरा म्हणजे विसाला तीन कमी, एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. आपल्या 'एकोणीस'मध्येही 'एक उणे वीस' दडलेले आहे, फक्त आपण एकाच संख्येपाशी थांबलो आणि ते चार पावले मागे गेले. हे मला कोणत्याही शब्दसूचीने सांगितले नसते, कारण सूचीत सतरासमोर सतरा एवढेच लिहिलेले असते.

सुरांविषयी लिहिताना मला शब्द कमी पडतात, तरी प्रयत्न करतो. मराठीत आपण 'आला' हा शब्द सूर चढवून म्हटला की प्रश्न होतो, पण काळ बदलत नाही. एडोमध्ये सुराने काळ बदलतो. 'इ' म्हणजे मी आणि 'मा' म्हणजे दाखवणे. दोन्ही अक्षरे खालच्या सुरात म्हटली की 'मी दाखवतो' असा नेहमीच्या क्रियेचा अर्थ होतो. पहिले वर आणि दुसरे खाली घेतले की 'मी दाखवत आहे'. पहिले खाली आणि दुसरे वर नेले की 'मी दाखवले'. आपण ज्या कामासाठी 'तो', 'त आहे' आणि 'ले' असे प्रत्यय लावतो, ते काम तिथे नुसता सूर करतो. बाईंनी हे शिकवताना मला हातात एखादी वस्तू घ्यायला सांगितले. मी टेबलावरची नमुन्याची तबकडी उचलली, ती कॅमेऱ्यासमोर धरून 'मी दाखवत आहे' म्हणालो, खाली ठेवून 'मी दाखवले' म्हणालो, आणि असे चाळीस वेळा तरी केले. तबकडी साडेतीन किलोची होती. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला, पण ते तीन सूर पक्के झाले. माझ्या मुलाने पेटीवर 'सा' आणि 'प' धरून मला मदत करायचा प्रयत्न केला. बाईंनी तो प्रेमाने थांबवला, कारण हे सूर पट्टीत बांधलेले नसतात. शेजारच्या अक्षरापेक्षा वर की खाली, एवढेच कानाने धरायचे असते, आणि लांब वाक्यात तर पुढचे वरचे सूरही पायरीपायरीने उतरत जातात.

आता अर्थांविषयी, ज्यासाठी मी मुळात निघालो होतो. 'उरुएसे' हा शब्द ॲपमध्ये 'धन्यवाद' म्हणून दिला होता आणि ते चूक नाही. पण बाईंनी तो फोडून दाखवला: 'उ' म्हणजे तू, 'रु' म्हणजे करणे, 'एसे' म्हणजे भले. तू भले केलेस. एकाहून अधिक माणसांना म्हणायचे तर 'वा रुएसे', तुम्ही भले केलेत. आमच्या खेड्यातला जुना माणूस 'धन्यवाद' म्हणत नाही, 'लई बरं केलंस बाबा' म्हणतो, आणि ते जितके मनापासून असते तितकेच 'उरुएसे' असते. 'एबे' म्हणजे झाडाचे पान, आणि 'एबे' म्हणजेच कागद आणि पुस्तक. आपल्या 'पान' शब्दात हे दोन्ही अर्थ राहतात, त्यामुळे मला तो शब्द पाठ करावाच लागला नाही. 'उकि' म्हणजे चंद्र आणि 'उकि' म्हणजे महिना. 'अमे' म्हणजे पाणी आणि पाऊससुद्धा. 'एनी' असे लिहिलेला शब्द नाव या अर्थाचाही आहे आणि हत्ती या अर्थाचाही, आणि कुठला घ्यायचा ते वाक्य सांगते. 'एकि' म्हणजे बाजार. या शब्दाच्या निमित्ताने बाईंनी सांगितले की त्यांचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा, एकें, ओरिए, अहो आणि ओकुओ. गावोगावचे जुने बाजार याच चार दिवसांच्या फेऱ्यावर भरत आले आहेत. सोमवार आमचा, मंगळवार तुमचा, अशा आपल्याकडच्या वाटणीसारखेच हे, फक्त फेरा लहान.

दिवसाच्या वेळेनुसार अभिवादन बदलते. सकाळी 'ओबोविए', दुपारी 'ओबाव्हाँ', संध्याकाळी 'ओबोता'. आलेल्या माणसाचे स्वागत करायचे तर 'ओबोख़िआँ'. 'ओविए' म्हणजे सकाळ, आणि हाच शब्द रात्रीच्या निरोपातही येतो, म्हणजे झोपायला जाणाऱ्याला ते पुढच्या सकाळचा हवाला देतात. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या आपल्या घरांत हे चटकन उमजते. पण सर्वांत खोल गोष्ट घरातल्या सकाळच्या अभिवादनाची आहे, आणि ती सांगायला बाईंनी आठवा तास जवळजवळ पूर्ण खर्च केला. एडो लोकांत प्रत्येक कुळाचे सकाळचे स्वतःचे अभिवादन असते. मूल उठते, वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकते आणि आपल्या कुळाचा शब्द म्हणते. राजकुळाचा शब्द 'लामोगुन'. बाकीच्या कुळांचे शब्द वेगळे आहेत आणि ते बापाकडून मुलाकडे येतात. लग्न होऊन आलेली स्त्री सासरचा शब्द घेते. त्यामुळे सकाळी कोण काय म्हणाले यावरून तो कोणत्या कुळाचा ते कळते. मी बाईंना आपल्या देवकांविषयी सांगितले, की कोणाचे पंचपल्लव, कोणाचा कळंब, कोणाचा मोरवेल, आणि लग्न जमवताना ते आजही विचारतात. फरक असा की आपले देवक कार्याच्या दिवशी बाहेर येते आणि त्यांचा शब्द रोज सकाळी जिभेवर असतो. या अभिवादनासमोर माझ्या ॲपने 'शुभ सकाळ' एवढेच लिहिले असते, आणि मी ते तसेच मानले असते.

राजा म्हणजे 'ओबा' आणि राजमाता म्हणजे 'इयोबा', यात 'इये' म्हणजे आई. हे पद सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ओबा एसिगिए याने आपली आई इदिआ हिच्यासाठी निर्माण केले. तिच्या मुखवट्यांची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. ताराराणींच्या गावात राहणाऱ्याला राजाच्या आईचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही. 1897 साली इंग्रजांच्या फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला, शहर जळाले, ओबा ओवोन्रामवेन याला कलबारला हद्दपार केले आणि 1914 साली तिथेच त्याचा अंत झाला. राजवाड्यातल्या हजारो धातूच्या आणि हस्तिदंती वस्तू युरोपात गेल्या. एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांतल्या 900 हून अधिक आहेत, आणि जर्मनीने 2022 साली त्यांतल्या काही नायजेरियाला परत केल्या. मी ओतकाम करणारा माणूस आहे, त्यामुळे या वस्तूंना काशाच्या म्हणतात तरी त्यांतल्या बहुतेक पितळेच्या आहेत, हे मला सांगावेसे वाटते. मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती चढवायची, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही त्यांची रीत. हे काम करणाऱ्या घराण्यांची गल्ली आजही त्या शहरात आहे आणि तिचे नाव 'इगुन एरोंवों'. आपल्या गुजरीसारखे किंवा चप्पल लाईनसारखे, धंद्यावरून पडलेले नाव. बाईंनी एका रविवारी फोन घेऊन त्या गल्लीतून फेरी मारली आणि एका कारागिराला माझ्याशी बोलते केले. त्याने मेणाची दोरी बोटांवर वळून दाखवली, आणि मी त्याला आमच्या वाळूच्या साच्याचा फोटो पाठवला. त्याला उद्देशून मी जे वाक्य म्हणालो ते 'मी दाखवत आहे' हेच होते, आणि सूर बरोबर लागला होता.

उणिवा सांगायलाच हव्यात. बाईंनी पाठवलेल्या टिपणांत अक्षरांखालचे ठिपके कधी होते, कधी नव्हते, आणि सुरांच्या खुणा तर पाचव्या तासापर्यंत आल्याच नाहीत. जी शिक्षिका आवाजाच्या बाबतीत इतकी काटेकोर होती तिच्या लेखी टिपणांत ही ढिलाई मला खटकली, आणि मी ते बोलून दाखवले. त्यानंतर त्यांनी हाताने लिहून, फोटो काढून टिपणे पाठवली आणि ती उत्तम होती. दुसरे, पाठ्यक्रम मुळात पर्यटकांसाठी आखलेला आहे. विमानतळ, हॉटेल आणि टॅक्सी यांचे दोन तास मला निरुपयोगी ठरले. धंद्याची भाषा, म्हणजे नग, वजन, उधारी, उशीर, माफी, ही मी मागून घेतली तेव्हा मिळाली. 'इग़ो' म्हणजे पैसे हा शब्द मला सहाव्या तासाला कळावा, हे व्यापाऱ्याच्या दृष्टीने फार उशिरा झाले. तिसरे, वीज. तिकडे वीज गेल्यामुळे दोन तास बुडाले आणि इकडे भट्टीचा खोळंबा झाल्यामुळे एक. बाईंनी तिन्ही तास भरून दिले, मात्र मधल्या संकेतस्थळाने एका तासाचे पैसे दोनदा कापले आणि ते परत मिळवायला मला सात पत्रे लिहावी लागली. आपण बाईंशी ठरवतो, पैसे मात्र तिसऱ्याच्या हातात असतात. ज्यांना वर्ग घ्यायचा असेल त्यांनी एकदम दहा तासांचे पैसे न भरता दोन-दोन तासांचे भरावेत.

तासांचे ध्वनिमुद्रण पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे, हेही सांगतो. मी ते चौथ्या तासापासून मागितले आणि पहिल्या दोन तासांचे आवाज, जे मला सर्वांत अधिक हवे आहेत, ते माझ्याकडे नाहीत. कोशाचा आधार हवा असेल तर हान्स मेल्झियन यांचा 1937 सालचा आणि रिबेका अघेयिसी यांचा 1986 सालचा असे दोन कोश बाईंनी सुचवले. दोन्हींत अर्थ इंग्रजीतून आहेत. माझा अनुभव असा की कोश वर्गानंतर उघडावा. आधी उघडला तर डोळे अक्षरे वाचतात आणि कान मिटून जातात. मी वहीत प्रत्येक शब्द देवनागरीत उतरवला, वरच्या सुरासाठी अक्षराच्या डोक्यावर तांबडी रेघ आणि खालच्या सुरासाठी पायाशी निळी रेघ दिली, आणि मऊ 'व'साठी 'व' व घासणाऱ्यासाठी 'व्ह' असा भेद ठेवला. आपली लिपी या कामाला रोमनपेक्षा पुष्कळ बरी आहे, असे माझे मत झाले आहे. ती वही आता 90 पानांची आहे आणि ज्यांना हवी त्यांना मी तिची झेरॉक्स आनंदाने देईन.

दहा तासांत भाषा येत नाही, आणि तसा दावा बाईंनीही केला नव्हता. मला आज साधारण दोनशे शब्द येतात, तीस-चाळीस वाक्ये येतात, आणि समोरचा हळू बोलला तर विषय कळतो. व्यवहार अजून इंग्रजीतच होतो. परंतु बोलण्याची सुरुवात बदलली आहे. मागच्या पंधरवड्यात ग्राहकांचा फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्र झाली होती, त्यांच्याकडे दुपार होती. मी त्यांच्या घड्याळाप्रमाणे 'ओबाव्हाँ' म्हणालो आणि 'वे ओ ये हे', म्हणजे कसे आहात, असे विचारले. ते 'ओ ये से', ठीक आहे, म्हणाले आणि पुढे भराभर काहीतरी बोलत गेले. त्यातले मला 'अमे', 'एकि' आणि 'इये' एवढे तीन शब्द लागले. पाऊस, बाजार आणि आई. मी विचारले तेव्हा त्यांनी इंग्रजीत सांगितले की दोन दिवस पाऊस झोडपतो आहे, बाजारात पाणी शिरले आहे आणि त्यांच्या आईंना दुकानातून घरी न्यायला ते निघाले आहेत. मालाची गोष्ट आम्ही दुसऱ्या दिवशी बोललो. पुढच्या दहा तासांचे पैसे मी भरले आहेत, या वेळी दोन-दोन तासांचे, आणि संख्यांच्या उजळणीला आई बसणार आहे.